चायनीज फाइल वाचायला नोटपॅड प्लस प्लस: कामाचं सॉफ्टवेअर, पण दोन पर्यायांत गल्लत नको

दरवाजे-देव्हारे कोरणारं चायनाचं राउटर किंवा दुकानावरची फिरती एलईडी पाटी आता दर्यापूर, आर्वीसारख्या तालुक्याच्या गावीही येते. सोबतच्या पेनड्राइव्हमधली टेक्स्ट फाइल उघडली, की चिनी अक्षरांऐवजी भलतीच रोमन अक्षरं दिसतात. कृतिदेवची (फॉन्ट बदलला की रोमन अक्षरं दाखवणाऱ्या जुन्या देवनागरी फॉन्टची) सवय असलेले डीटीपीवाले मग फॉन्ट शोधत बसतात. इथे फॉन्टचा दोष नाही. फॉन्ट नसेल तर रिकामे चौकोन दिसतात. रोमन कचरा दिसला तर एन्कोडिंग, म्हणजे अक्षरं कोणत्या बाइटांत (संगणकाच्या आकड्यांत) साठवायची याची पद्धत, चुकलंय.

‘मध्य’ या अर्थाचं चिनी अक्षर जीबीके या चीनमधल्या एन्कोडिंगमध्ये डी६ डी० अशा दोन बाइटांत बसतं, सगळ्या लिप्या चालणाऱ्या यूटीएफ-८ मध्ये ई४ बी८ एडी अशा तीन. आपल्याकडचं विंडोज ते दोन बाइट वेगवेगळे वाचतं: डोक्यावर दोन टिंबांचा ओ आणि आडव्या रेघेचा डी. विंडोजच्या साध्या नोटपॅडमध्ये जीबीके निवडायची सोयच नाही, म्हणून नोटपॅड प्लस प्लस घ्यावं. फुकट आहे, इन्स्टॉलर काही एमबीचाच, गावच्या नेटवरही उतरतो.

आधी मूळ फाइलची कॉपी करून बाजूला ठेवा. मग फाइल उघडून एन्कोडिंग, कॅरेक्टर सेट्स, चायनीज, जीबी२३१२ असं जा. नाव जुन्या १९८० च्या मानकाचं असलं तरी आत कोडपेज (विंडोजमधला एन्कोडिंगचा क्रमांक) ९३६, म्हणजे जीबीकेच चालतं. तरीही अर्थ लागेना, तर माल तैवानचा असू शकतो. त्याच मेनूतलं बिग५, म्हणजे तिकडचं एन्कोडिंग, लावून बघा. अक्षरं नीट दिसल्यावरच ‘कन्व्हर्ट टू यूटीएफ-८’ करून सेव्ह करा.

सगळी फसगत इथेच होते. कॅरेक्टर सेट निवडला की तेच बाइट नव्या पद्धतीने वाचले जातात. कन्व्हर्ट केलं की बाइटच बदलतात. कचरा दिसत असताना कन्व्हर्ट करून सेव्ह केलं, की तो कचराच पक्का होतो. इतका फरक असलेले पर्याय एकाच मेनूत, दोन्हींतला फरक न सांगता ठेवलेत, ही या सॉफ्टवेअरची खरी उणीव. सॉफ्टवेअरने एन्कोडिंग आपोआप ओळखण्यावरही विसंबू नका. चार-दोनच चिनी अक्षरं असलेल्या छोट्या फाइलीत ते चुकू शकतं.

चिनी ओळीसमोर मराठी अर्थ लिहायचा असेल, तर आधी यूटीएफ-८ कराच. जीबीकेमध्ये देवनागरी नाही. तशीच सेव्ह केली तर तुमच्या मराठीच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं उरतात आणि ती परत मिळत नाहीत. मशीनच्या सेटिंग फाइलचं एन्कोडिंग मात्र बदलू नका, मशीनचं सॉफ्टवेअर जीबीकेच मागत असेल तर अडेल. यूटीएफ-८ मागत असेल तरी ‘बीओएम’ (फाइलच्या सुरुवातीची एन्कोडिंगची खूण) नसलेला प्रकार घ्या, नाहीतर सुरुवातीच्या तीन जास्तीच्या बाइटांमुळे पहिली ओळ वाचताना अडचण येऊ शकते.

सुट्या भागांची यादी सीएसव्हीमध्ये (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेल्या टेक्स्ट फाइलमध्ये) आली असेल, तर उलट बीओएमसकट सेव्ह करा. एक्सेलमध्ये डबल क्लिकवर नीट उघडते. किंवा एक्सेलच्या डेटा टॅबमधून मूळ जीबीके फाइल आत घेताना ‘फाइल ओरिजिन’मध्ये ९३६ निवडा.