गोळ्यांची २८ कप्प्यांची डबी आणि २०० पानी वही : आठ महिन्यांच्या वापरानंतर

आमवात, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, वर्षानुवर्षं सांभाळावा लागतो. त्यासाठी आठ महिने रोज वापरलेल्या दोन वस्तूंबद्दल हे लिहितेय. एक सात दिवसांची, दिवसाला चार कप्पे असलेली गोळ्यांची डबी. दुसरी पुण्यात अप्पा बळवंत चौकात कुठेही मिळणारी साधी वही.

डबी घेताना आधी झाकण बघा. नखाने उचलायचं झाकण सकाळी आखडलेल्या बोटांना उघडत नाही, आणि जोर लावला की खाडकन उघडून गोळ्या ओट्याखाली जातात. अंगठ्याने खटका दाबून उघडणारी घ्या, तीही दुकानात दोन्ही हातांनी उघडून बघून.

भरायची रविवारी, उजेडात, काठाच्या स्टीलच्या ताटात ठेवून, म्हणजे निसटलेली गोळी ताटातच राहते. एक दिवस पूर्ण भरून मग दुसरा, असं केलं की चुका होतात. एकच औषध हातात घ्यायचं, सातही दिवसांच्या कप्प्यांत टाकायचं, पाकीट बाजूला, मग पुढचं औषध. पाकीट कापताना मुदत छापलेलं टोक शेवटपर्यंत राखायचं. पुण्यात जून ते सप्टेंबर हवा दमट असते, त्यामुळे आठवड्यापेक्षा जास्त भरू नका. ओलावा शोषणारी पुडी घालून बाटलीत येतात त्या गोळ्या बाटलीतच ठेवा.

एक औषध मात्र या डबीत अजिबात नको : मेथोट्रेक्सेट. आमवातात ते आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. चुकून रोज घेतलं गेलं तर रक्तपेशी तयार होणं मंदावतं आणि जिवावर बेततं. त्यात सोबत दिली जाणारी फॉलिक अ‍ॅसिडची गोळीही पुष्कळदा तशीच पिवळी, छोटी असते, आणि चष्मा नसताना फरक कळत नाही. म्हणून मेथोट्रेक्सेटची वेगळी डबी, वर मोठ्या अक्षरात वार : ‘मंगळवार मेथो’. घेतल्यावर कॅलेंडरवर फुली. एखादा मंगळवार चुकला तर पुढच्या वेळी दुप्पट घ्यायचं नाही, डॉक्टरांना फोन करायचा. तोंड येणं, ताप, धाप लागणं यांपैकी काहीही झालं तरी पुढचा डोस विचारल्याशिवाय नको. डॉक्टरांनी लिहून दिलेल्या रक्ततपासण्यांच्या तारखाही त्याच कॅलेंडरवर.

आता वही. डबीपेक्षा हिचा उपयोग जास्त झाला. रोज रात्री चार आकडे : सकाळी सांधे किती मिनिटं आखडलेले होते, दुखणं ० ते १० पैकी किती, थकवा ० ते १० पैकी किती, झोप किती तास. खाली एक ओळ, आज काय जमलं याची. ‘कणीक मळली.’ ‘दोन जिने चढले.’ बस. दिवसातून चार वेळा नोंद केली तर लक्ष सतत दुखण्याकडेच राहतं आणि पंधरा दिवसांत वही बंद पडते. राहिलेले दिवस आठवून भरू नका. आठवण नेहमी वाईट दिवसाच्या बाजूने बोलते.

मेथोट्रेक्सेटचा गुण यायला साधारण ६ ते १२ आठवडे लागतात. बरीच माणसं नेमकी याच काळात खचतात, ‘काही फरक नाही’ म्हणून औषध सोडतात. वहीत मात्र आखडलेपणा ९० मिनिटांवरून ७० वर आलेला असतो. दुखणं तितकंच वाटत असतानाही तो आकडा दिसतो, आणि पुढचा आठवडा काढायला तेवढं पुरतं. डॉक्टरांकडे जाताना सगळी वही नेऊ नका. महिन्याचे आकडे एका पानावर उतरवा, वर दोन प्रश्न लिहा.

वहीतून आणखी एक गोष्ट ठळक दिसते : बऱ्या दिवसाची किंमत. अंग हलकं वाटलं की साठलेली सगळी कामं त्याच दिवशी काढली जातात आणि पुढचे दोन दिवस अंथरूण. गौरी-गणपतीत तर हे ठरलेलंच. म्हणून पुरण शिजवणं एका दिवशी, वाटणं घरातल्या दुसऱ्या कुणाकडे, आणि उभ्याने काम २० मिनिटं झालं की दुखत नसलं तरी बसायचं. घड्याळ लावूनच, दुखायला लागल्यावर थांबणं म्हणजे उशीर झालेला असतो.

‘पॉझिटिव्ह राहा’ हे सगळे मायेने म्हणतात. पण त्या दडपणाखाली माणूस डॉक्टरांपुढेही ‘बरं आहे’ म्हणतो, आणि वाढवायला हवा तो डोस तसाच राहतो. वहीतला ७ हा आकडा तिथे खरं बोलतो. उदासपणा दोन आठवडे हटला नाही, कशातच मन लागेना, तर तेही डॉक्टरांना सांगा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर मोफत बोलता येतं.

डबीची तक्रार एकच. वारांची छापील अक्षरं चौथ्या महिन्यातच पुसली गेली. कोरलेली अक्षरं असलेली मिळाली तर तीच घ्या. नाहीतर पहिल्याच दिवशी प्रत्येक झाकणावर पक्क्या शाईने वार लिहून वर सेलोटेप लावा.