रामल्ला ते बेथलेहेम शेअर टॅक्सी: गाडी झकास, वेळेचं मात्र विचारू नका

पॅलेस्टाईनच्या वेस्ट बँकेत फिरायचं तर पिवळ्या शेअर व्हॅनला पर्याय नाही, तिथे तिला सर्विस म्हणतात. आपल्याकडच्या वडापसारखंच, सात सीट भरल्या की गाडी सुटणार, टाइमटेबल वगैरे भानगड नाही. भाडं ठरलेलं, घासाघीस नाही. मागचे पैसे पुढच्याच्या हातात देतात आणि सुट्टे तसेच हातोहात मागे येतात, एकदाही घोळ झालेला बघितला नाही.

नकाशावर दोन्ही गावं अगदी जवळ, मध्ये जेरुसलेम. पण वेस्ट बँकेच्या ओळखपत्रावर परमिटशिवाय जेरुसलेममध्ये शिरता येत नाही, म्हणून गाडी पूर्वेकडून वळसा घालून अबू दिसवरून वादी नारच्या घाटाने जाते. चढउतार चांगलाच आहे, गाडी लागत असेल तर फलाफेल पोटभर हाणून बसू नका. अबू दिसला अल-कुद्स विद्यापीठाची पोरं उतरतात, भारताच्या मदतीने बांधलेली नेहरूंच्या नावाची शाळापण याच गावात.

खरी गंमत (गंमत कसली!) म्हणजे याच रस्त्यावरचा कंटेनर नावाचा चेकपॉइंट. ड्रायव्हर सारखा टेलिग्रामच्या ग्रुपवर बघत असतो कुठला नाका मोकळा, कुठला जाम. ओचाने (संयुक्त राष्ट्रांचं मानवतावादी मदतीचं कार्यालय) २०२५ च्या सुरुवातीला वेस्ट बँकेत असे ८४९ अडथळे मोजले होते, त्यामुळे ग्रुपवर मेसेज पडतच असतात. आमची गाडी तिथे अडकली तेव्हा ड्रायव्हरने इंजिन बंद केलं, सगळ्यांची ओळखपत्रं गोळा करून इस्रायली सैनिकाकडे दिली, माझा भारतीय पासपोर्ट लगेच परत आला आणि बाकीची कार्डं तिकडेच. शेजारी बेथलेहेमच्या कॉलेजची एक मुलगी, तिचा पेपर होता, ती नोट्सच्या झेरॉक्सवर पेन्सिलने खुणा करत बसलेली, वेळ टळली तरी मान वर नाही. शेवटी सरांना फोन लावला तर सरच दुसऱ्या नाक्यावर अडकलेले. सगळी गाडी हसली.

तिला एका संस्थेची स्कॉलरशिप आहे, फी पूर्ण भरतात, पण रोजचं गाडीभाडं त्यात नाही आणि रस्ते बंद व्हायला लागले की कॉलेजजवळ खोली घ्यावी लागते, त्या भाड्याचं तर कुणी नावच काढत नाही. मला विचाराल तर तिथे शिक्षणाला मदत करायची असेल तर आधी प्रवास आणि खोलीचे पैसे द्या, फी नंतर बघू. वर्गात पोचलंच नाही तर फी भरून काय उपयोग?

बाकी सर्विसला माझ्याकडून पाचपैकी साडेचार. अर्धा कापला तो ड्रायव्हरच्या सिगारेटीसाठी, काच बंद करून ओढत होता राव. सुट्टे शेकेल आणि पाण्याची बाटली जवळ ठेवा, आणि त्याच दिवशीचं पुढचं काही बुकिंग अजिबात करू नका.