‘बेलुगा’च्या नावाखाली काळा रंग

घोडबंदर रोडच्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय, त्याबद्दल लिहिते आहे. चीज, ऑलिव्ह, ट्रफल ऑइल अशा यादीत मध्येच ‘ओरिजिनल बेलुगा कॅव्हिअर, ५० ग्रॅम, फक्त ४,५००, वाशीहून घरपोच’. कॅव्हिअर म्हणजे स्टर्जन माशाची खारवलेली अंडी, आणि बेलुगा ही स्टर्जनची एक जात.

आम्ही मागवलं ते दादाच्या साठीसाठी. तो मर्चंट नेव्हीत होता, बंदर अब्बासला खाल्लेल्या कॅव्हिअरच्या गोष्टी अजून सांगतो. फोनवरचा माणूस अगदी गोड. “ताई, दुबईहून आमचा माणूस बॅगेतून आणतो, मोठ्या डब्यातून छोट्या बरण्यांत आम्ही इथेच भरतो, म्हणून स्वस्त पडतं.” पैसे आधी, यूपीआयवर. ‘इथेच भरतो’ हे एक वाक्यच संशय यायला पुरेसं होतं, पण त्याचा अर्थ कळायला आधी काही गोष्टी माहीत असाव्या लागतात. त्या खाली सांगते.

थर्माकोलचं खोकं आलं तेव्हा आतल्या बर्फाच्या पिशव्यांचं पाणी झालं होतं. काचेची बरणी, सोनेरी स्टिकर, त्यावर माशाचं चित्र. दादाने चमच्याने थोडं मुठीच्या पाठीवर घेतलं आणि तोंडात न टाकता नुसतं बघत बसला. मोहरीएवढे दाणे, सगळे एकसारखे, डांबरी काळे. बेलुगाचा दाणा चांगला मोठा असतो, रंग फिकट करड्यापासून गडद करड्यापर्यंत. ओसेट्रा, म्हणजे स्टर्जनच्या दुसऱ्या एका जातीचा दाणा, तपकिरी, सोनेरी, हिरवटही असतो. अस्सल कॅव्हिअर असं ठार काळं सहसा नसतंच.

मग त्याने उकडलेल्या अंड्याच्या फोडीवर थोडं ठेवलं. आमचं बोलणं चालू असतानाच पांढऱ्यावर निळसर काळी कड उमटली. उरलेलं चहाच्या गाळणीत घेऊन नळाखाली धरलं, तर सिंकमध्ये शाईसारखं पाणी आणि गाळणीत फिक्या गुलाबी रंगाचे कडक दाणे. दाताखाली कुरकुरले, आणि खारट तर इतके की नंतर दोन ग्लास पाणी लागलं. चांगलं कॅव्हिअर ‘मालोसोल’ असतं, म्हणजे कमी मिठाचं, साधारण ३ ते ५ टक्के. दादाच्या मते ही लम्पफिशची अंडी. उत्तर अटलांटिकमधला हा मासा, त्याची अंडी रंगवून युरोपातल्या दुकानांत उघडपणे, स्वस्तात, त्याच्याच नावाने विकतात. खायला काहीच हरकत नाही. फक्त तिथे बरणीवर कोणी बेलुगा लिहीत नाही.

आता लेबलाचं. स्टर्जनच्या सगळ्या जाती १९९८ पासून ‘साइट्स’ या, धोक्यातल्या प्राण्या-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराखाली आहेत. त्यामुळे परदेशी कॅव्हिअरच्या प्रत्येक डबीवर एक सांकेतिक ओळ असलेलं लेबल लागतं आणि डबी उघडली की ते फाटावं अशी अपेक्षा असते. त्या ओळीत सुरुवातीला माशाची जात (बेलुगा ‘एचयूएस’, ओसेट्रा ‘जीयूई’, सैबेरियन स्टर्जन ‘बीएई’), मग शेतीचा मासा असेल तर ‘सी’ आणि जंगली असेल तर ‘डब्ल्यू’, मग देश, वर्ष, कारखान्याचा नोंदणी क्रमांक आणि लॉट. मोठ्या डब्यातून छोट्यात भरायचं तरी भरणारा कारखाना नोंदलेला लागतो आणि नवीन लेबल लागतं. म्हणजे ‘आम्ही इथेच भरतो’ याचा अर्थ उरतो तो एवढाच, की आत काय आहे ते फक्त भरणाऱ्याला माहीत. बॅगेतून आणायची सवलतही माणशी १२५ ग्रॅमपर्यंत आणि स्वतःच्या खाण्यापुरती, विकायला नाही.

‘कास्पियन समुद्रातलं जंगली’ असं कोणी सांगितलं तर सरळ फोन ठेवा. आज कायदेशीर बाजारात येतं ते जवळजवळ सगळं शेतीतलं, आणि सर्वांत जास्त चीनमधून. चिनी म्हणून नाक मुरडू नका, त्यातलं बरंच उत्तम असतं.

ठाण्याच्या बाजारात गाबोळी घेताना मावशी आपल्यासमोर मासा फाडते, कुठल्या माशाची हा प्रश्नच येत नाही. इथे मासा दिसत नाही, म्हणून लेबल बघायचं. शिवाय आयात मालावर आयातदाराचं नाव-पत्ता आणि एफएसएसएआयचा, म्हणजे सरकारी अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, १४ आकडी परवाना क्रमांक हवा. आमच्या बरणीवर क्रमांक होता. एफएसएसएआयच्या साइटवर टाकला तर तो भलत्याच धंद्याचा निघाला.

विक्रेता आधी म्हणाला “नॅचरल कलर आहे”, मग म्हणाला “तुम्हाला टेस्टची सवय नाही”, मग ब्लॉक. आम्ही सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनच्या १९३० वर आणि ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर तक्रार नोंदवली, एफएसएसएआयलाही बरणीचे फोटो पाठवले. पैसे अजून आलेले नाहीत. बरणी धुवून टाकली नाही, रंगासकट फ्रीजमध्ये आहे, तपासणीला मागितली तर द्यायला.

परवा माझ्या वहिनीच्या खारघरच्या ग्रुपवर तोच फोटो आला, नंबर नवा, भाव ३,९९९. तुमच्याकडे आला तर पैसे पाठवण्याआधी डबीच्या सांकेतिक ओळीचा जवळून काढलेला फोटो मागा. वहिनीने मागितला होता. उत्तरादाखल तिला दहा टक्के डिस्काउंट मिळालं.