खोऱ्यासारख्या फाळाचा १५ किलोचा नांगर : आठ महिन्यांच्या वापरानंतर

बोट १० मीटरची, शिडाची. नांगराला ८ मिलिमीटरची गॅल्व्हनाइज्ड साखळी, ५० मीटर. आडबाजूच्या बेटांवर धक्का नसतो, बांधायला बोयाही नसतो. जुने दोस्त आपापल्या बोटी घेऊन तिथे जमले की रात्रीची झोप या लोखंडावरच अवलंबून.

रेतीत आणि घट्ट चिखलात नांगर पहिल्याच प्रयत्नात धरतो. १९३३ साली जी. आय. टेलर यांनी काढलेला नांगरटीच्या फाळासारखा नांगर कडक तळावर बराच फरफटत जाऊन मग रुतायचा. आपल्या नांगराचा फाळ खोलगट आहे आणि वरच्या कमानीमुळे उलटा पडला तरी सुलटा होतो. लांब समुद्री गवतात मात्र भरवसा नको. टोक मुळांच्या जाळीत अडकतं, धरल्यासारखं वाटतं आणि वारा वाढला की गुंताच उपटून येतो. पाण्यात काळा डाग दिसला तर पुढे जाऊन फिकट रेतीचा तुकडा शोधावा.

साखळीचा हिशेब भरतीचा करायचा. आत्ता खोली ४ मीटर, पाणी अजून २ मीटर चढणार, नाळेची (बोटीच्या पुढच्या टोकाची) पाण्यापासून उंची १ मीटर : एकूण ७. त्याच्या पाचपट, म्हणजे ३५ मीटर. जोराचा वारा येणार असेल तर सातपट, ४९ मीटर. इथे आपली ५० मीटर जेमतेम पुरते. नाळेची उंची बरेच जण धरतच नाहीत आणि उथळ पाण्यात नेमका तिथेच घोळ होतो.

बोट पूर्ण थांबल्यावर नांगर सोडावा. तळाला लागला की बोट मागे सरकू द्यावी आणि साखळी लांबवत सोडावी. एका जागी ढीग पडला तर ती फाळातच अडकते. मग इंजिन रिव्हर्समध्ये, आधी मंद, नंतर जोर वाढवून अर्धा मिनिट. किनाऱ्यावरच्या एका रेषेतल्या दोन खुणा एकमेकींपासून सरकल्या नाहीत तर नांगर धरला. शेवटी साखळीला नायलॉनचा ८ मीटर दोर लावून ताण त्यावर घ्यावा. नायलॉन ताणलं जातं, त्यामुळे लाटेचा हिसका नांगरापर्यंत कमी पोचतो आणि विंडलासवरचा (साखळी ओढणाऱ्या यंत्रावरचा) ताणही सुटतो.

दोस्तांच्या बोटी शेजारी बांधायच्या तर सर्वांत मोठा नांगर असलेल्याने टाकावा, बाकीच्यांनी फेंडर (बोटी घासू नयेत म्हणून लावायच्या फुगीर गाद्या) लावून बाजूला यावं. डोलकाठ्या समोरासमोर ठेवू नयेत, नाहीतर डोलताना आडव्या दांड्या एकमेकींवर आपटतात. पुढचा-मागचा दोर पुरत नाही. तिरके दोरही हवेतच. तीन बोटींचा वारा एकाच नांगरावर येतो, आणि वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की ताण चौपट. म्हणून गप्पा रंगल्या तरी अंधाराआधी सुटं व्हावं. सुट्या बोटींतही अंतर ठेवावं : दोरावरची बोट साखळीवरच्या बोटीपेक्षा जास्त फिरते.

कटकट एकच, चिखल. फाळात घमेलंभर भरून येतो. पंप आणि ब्रश नाळेजवळच हवा. शॅकलची (नांगर आणि साखळी जोडणाऱ्या कडीची) पिन तारेने बांधली नाही तर सैल होते. फाळाच्या टोकावरचा जस्ताचा थर गेलाय, साखळीच्या पहिल्या ५ मीटरवरही तांबूस डाग आहेत. साखळी आता उलटी फिरवून जोडली आहे.