स्पीडमास्टरची सर्व्हिस: अकरा महिने वापरल्यानंतर

सर्व्हिस होऊन घड्याळ हातात आलं तेव्हाच लिहिणार होतो, पण थांबलो. पहिल्या आठवड्यात कुठलंही घड्याळ चांगलंच चालतं. खरं काम झालंय की नाही, ते चार-सहा महिन्यांनी कळतं.

घड्याळ ओमेगा स्पीडमास्टर प्रोफेशनल, आतलं मशीन १८६१ नंबरचं. २०१२ मध्ये नवीन घेतलेलं. चावीचं घड्याळ आहे, ऑटोमॅटिक नाही. रोज सकाळी चहा उकळेपर्यंत चावी देऊन होते. नऊ वर्षं त्याच्याकडे बघावंही लागलं नाही. मग ते दिवसाला अठरा-वीस सेकंद मागे पडायला लागलं. घराजवळच्या एका दुकानात नेलं. त्यांनी मागचं झाकण उघडलं, तेल सोडलं, वेळ जुळवली आणि पाऊण तासात परत दिलं. अडीच हजार रुपये घेतले. दिवसाला दोन सेकंद पुढे, म्हणजे अगदी झकास. चार महिन्यांनी मात्र पुन्हा मागे पडायला लागलं, आणि क्रोनोग्राफ (आतलं स्टॉपवॉच) चालू केला की बंदच पडायचं. रीसेट दाबल्यावर मिनिटांचा छोटा काटा शून्यावर न येता जरा अलीकडेच थांबायचा. त्यानंतर ते बराच काळ कपाटात पडून होतं.

मागच्या एप्रिलमध्ये फोर्टमधल्या एका जुन्या कारागिरांकडे दिलं. त्यांनी आधी टाइमग्राफरवर लावलं. हे यंत्र घड्याळाची टिकटिक ऐकून तीन गोष्टी सांगतं: दिवसाला किती सेकंद पुढे-मागे, बॅलन्स व्हील (मागेपुढे झोके घेऊन वेळ राखणारं चाक) किती अंश झोका घेतंय (अँप्लिट्यूड), आणि दोन्ही बाजूंचे झोके सारखे आहेत का (बीट एरर). माझ्या घड्याळाचं अँप्लिट्यूड पूर्ण चावी दिल्यावर, डायल वर ठेवून, १९० अंश आलं. चांगल्या स्थितीतल्या मशीनचं २७० ते ३१० च्या घरात असायला हवं. म्हणजे आधीच्या दुकानात फक्त रेग्युलेटर (वेग कमी-जास्त करायची छोटी पट्टी) सरकवून वेळ जुळवली होती. आतून मशीन थकलेलंच होतं.

मग त्यांनी डोळ्याला लावायचं भिंग माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "बघा साहेब, तुम्हीच बघा." चक्राच्या आसाचं टोक ज्यात फिरतं, त्या लाल माणकाभोवती तेलाचं कडं पसरलं होतं आणि त्यात काळसर धूळ चिकटली होती. माणकाच्या मधल्या खळग्यात जो बारीक थेंब राहायला हवा, तो जास्त झाल्यामुळे बाहेर ओघळला होता आणि आतली जागा कोरडी पडली होती. पॅलेट फोर्कच्या, म्हणजे चक्राला एकेक दाता सोडणाऱ्या भागाच्या, आसाच्या टोकांनाही कुणीतरी तेल लावलं होतं. "इथं तेल लावतच नाहीत," ते म्हणाले. चक्रांच्या दात्यांनाही नाही. तेल लागतं ते चक्रांच्या आसांची टोकं जिथं माणकात फिरतात तिथं आणि पॅलेटच्या खड्यांवर, तेही वेगवेगळ्या जातीचं. हे मशीन तासाला २१,६०० ठोके देतं, म्हणजे दिवसाला ५,१८,४००. त्यात जुन्या मळावर नवं तेल सोडलं, तर ती धूळ आणि तेल मिळून पॉलिशच्या पेस्टसारखं पोलाद घासत राहतं. ते भिंगातून पाहिल्यावर मला खरंच वाईट वाटलं. नऊ वर्षं इमानाने चाललेल्या वस्तूचं आपण असं होऊ दिलं.

सर्व्हिसला सात आठवडे आणि बावीस हजार रुपये लागले. मशीन पूर्ण खोललं, सगळे भाग धुतले, मेनस्प्रिंग (चावी दिल्यावर गुंडाळली जाणारी मुख्य स्प्रिंग) आणि चावीपासून झाकणापर्यंतचे पाणी अडवणारे सगळे रबर बदलले. देताना मी तीन गोष्टी पावतीवर लिहून घेतल्या होत्या: केसला पॉलिश नको, काढलेले भाग परत हवेत, काच बदलायची असेल तर आधी विचारा. पॉलिशबद्दल मी फार आग्रही आहे. या घड्याळाच्या लग्जना, म्हणजे पट्टा जोडायच्या टोकांना, वळण घेत गेलेली एक धारदार कड आहे. पॉलिशच्या फिरत्या चाकावर धरलं की ती कड गोल होते, आणि पोलाद परत आणता येत नाही. काचेचं कारण वेगळं. ती हेसालाइट म्हणजे ॲक्रिलिक आहे. चरे पटकन पडतात, पण पॉलिशच्या पेस्टने दहा मिनिटांत निघतात. शिवाय मूळ काचेच्या मध्यभागी आतून ओमेगाचं इवलंसं चिन्ह कोरलेलं असतं, भिंगाशिवाय सहज दिसत नाही. घड्याळ परत आल्यावर सगळ्यात आधी मी ते शोधलं. होतं जागेवर.

आता वहीतले आकडे. जूनमध्ये डायल वर ठेवून २८६ अंश, दिवसाला चार सेकंद पुढे, बीट एरर ०.२ मिलिसेकंद. चोवीस तासांनी चावी न देता २५२. क्रोनोग्राफ चालू असताना २५८, आणि छोटा काटा आता बरोबर शून्यावर येतो. या महिन्यात पुन्हा त्यांच्याकडे जाऊन मोजलं: २७९, पाच सेकंद पुढे. रात्री चावीची बाजू वर करून उभं ठेवलं की सेकंदभर मागे जातं, त्यामुळे पुढे जाणं थोडं कमी होतं. सेकंदाचा काटा चावी ओढल्यावर या मशीनमध्ये थांबत नाही, म्हणून सेकंद जुळवायच्या नादाला मी लागत नाही.

मधे सप्टेंबरमध्ये एकदा घाबरलो. घड्याळ एकाएकी दिवसाला दीड मिनिट पुढे जायला लागलं. रात्री ते टॅबलेटच्या कव्हरवर ठेवत होतो आणि त्या कव्हरला चुंबक आहे. हेअरस्प्रिंगला (बॅलन्स व्हीलच्या केसाएवढ्या बारीक स्प्रिंगला) चुंबकत्व लागलं की तिची वेटोळी एकमेकांना चिकटतात, स्प्रिंग आखूड झाल्यासारखी वागते आणि घड्याळ पळतं. कारागिरांनी डीमॅग्नेटायझरवर धरलं, अर्ध्या मिनिटात काम झालं, पैसेही घेतले नाहीत. घड्याळ अचानक पुढे पळालं तर झाकण उघडू देण्याआधी एवढं जरूर तपासून घ्या.

तक्रार एकच. सात आठवड्यांत एकदाही त्यांचा फोन आला नाही, दर वेळी मलाच करावा लागला. परदेशातून मेनस्प्रिंग यायला वेळ लागतो हे समजू शकतो, पण तेवढं कळवायला हवं होतं.

पट्ट्याची काळजी मात्र आपल्याच हातात आहे. लोकलच्या गर्दीत मनगटाला येणारा घाम कड्यांमध्ये सुकतो. दर रविवारी पट्टा घड्याळापासून वेगळा करतो आणि कोमट साबणाच्या पाण्यात मऊ ब्रशने धुतो. पहिल्यांदा धुतला तेव्हा पाणी चक्क राखाडी झालं होतं.

कंपनी हे घड्याळ ५० मीटरपर्यंत पाणीरोधक असल्याचं सांगते, तरी मी पावसात ते घालत नाही, आणि ओल्या हाताने बटणं तर कधीच दाबत नाही. आता पाऊस तोंडावर आलाय, म्हणून परवा हवेच्या दाबाची चाचणी करून घेतली. रबर अजून घट्ट आहेत. पुढची चाचणी पुढच्या मे महिन्यात, तारीख वहीत लिहून ठेवली आहे.