लॉट ११८: नहपानाच्या चेहऱ्यावर गौतमीपुत्राचा ठसा

दक्षिण मुंबईतल्या एका लिलावगृहातून मी यंदा पहिल्यांदाच बोली लावून प्राचीन नाणी घेतली. दोन लॉट (एका बोलीत विकली जाणारी वस्तू किंवा गठ्ठा) घेतले. एक जन्मभर जपेन असा निघाला, दुसरा परत करावा लागला. लिलावगृहाचं नाव लिहीत नाही, कारण माझी तक्रार मिटलेली आहे आणि मला सांगायचंय ते पद्धतीबद्दल. नाशिक, सातारा, कोल्हापूरकडून कुणी पहिल्यांदा अशा लिलावाला निघालं असेल, तर त्याने जाण्याआधी हे वाचावं.

मी २८ वर्षं बँकेत कॅशियर होते. माहेर सिन्नरचं. आमच्या तालुक्यातलं गोदाकाठचं जोगलटेंभी हे गाव प्राचीन नाण्यांच्या अभ्यासात जगभर माहीत आहे. १९०६ साली तिथे क्षत्रप राजा नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला, तेरा हजारांच्या वर नाणी. त्यातल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला होता. रेव्हरंड एच. आर. स्कॉट यांनी ती तपासून त्यांची नोंद प्रसिद्ध केली. शाळेत आम्हाला हे चार ओळींत शिकवलं होतं. निवृत्त झाल्यावर मनात एकच होतं: तसं एक नाणं हातात घ्यायचं. काचेआडचं नको, तळहातावर घ्यायचं.

त्यासाठी आधी पुष्कळ पाहिलं. अंजनेरीला १९८० साली स्थापन झालेली नाणकशास्त्र संशोधन संस्था आहे, तिथे गेले. पांडवलेण्यांवर तर किती वेळा गेले असेन! दहाव्या लेण्यात नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्याने गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे संघांकडे, ३,००० कार्षापणांची ठेव ठेवली. त्यातले २,००० दरमहा शेकडा एक दराने, १,००० पाऊण दराने. मुद्दल परत घ्यायचं नाही, फक्त व्याज वापरायचं. दोन हजारांच्या व्याजातून वर्षावासातल्या (पावसाळ्यात एका जागी राहणाऱ्या) वीस भिक्षूंना वस्त्रासाठी प्रत्येकी बारा कार्षापण. मी लेण्यातच उभ्या उभ्या हिशेब केला: दरमहा वीस, वर्षाचे दोनशे चाळीस, भागिले वीस, बरोबर बारा. जवळपास दोन हजार वर्षांपूर्वीची ठेव पैशापर्यंत जुळते. हा कार्षापण म्हणजे नहपानाचं हेच चांदीचं नाणं, असं बरेच अभ्यासक मानतात. एवढं कळल्यावर मला गप्प बसवेना.

आता लिलावाबद्दल. कॅटलॉग तीन आठवडे आधी घरी आला. छपाई उत्तम, प्रत्येक नाण्याचा दोन्ही बाजूंचा फोटो, वजन, प्रत (नाणं किती चांगलं टिकलंय त्याचा दर्जा) आणि अंदाजे किंमत. माझा लॉट ११८ होता: नहपान, चांदीचा द्रम्म, त्यावर गौतमीपुत्राचा ठसा, २.१७ ग्रॅम, अंदाज ३,००० ते ४,००० रुपये.

आदल्या दिवशी मालाची पाहणी असते. ती चुकवू नका. मी सकाळच्या पंचवटी एक्सप्रेसने गेले. लांब टेबल, हिरवी बनात, प्रत्येकापुढे दिवा. आपण लॉटचा नंबर सांगायचा, मुलगा ट्रे आणून देतो, आपण भिंगाखाली हवा तितका वेळ पाहायचं. माझ्या शेजारी बसलेले गृहस्थ बहमनी टंक वजनकाट्यावर ठेवून वहीत आकडे लिहीत होते. ट्रे आणणाऱ्या मुलाने मला एकदाही घाई केली नाही. नाणं कडेने धरायचं, बोटाचा घाम पृष्ठभागाला लागू द्यायचा नाही, हे त्यानेच नम्रपणे सांगितलं. पाहणीच्या या सोयीला मी पैकीच्या पैकी गुण देईन. तिकीट नाही, ओळख लागत नाही, फक्त ओळखपत्र दाखवायचं. संग्रहालयात जे कधीच करता येणार नाही ते इथे सामान्य माणसाला करता येतं.

आणि मग ११८ समोर आला. आकाराने आपल्या जुन्या पंचवीस पैशांहून लहान. एका अंगाला नहपानाचा उजवीकडे पाहणारा चेहरा, भोवती ग्रीक अक्षरांची अर्धवट उरलेली ओळ. दुसऱ्या अंगाला बाण आणि वज्र. पण राजाच्या गालावर तीन कमानींचा डोंगर चढलेला, आणि उलट बाजूला बाणावर उज्जैन चिन्ह, चार वर्तुळं जोडलेला क्रूस. काठाशी ब्राह्मीतली दोनतीन अक्षरं दिसत होती. राजाचा डोळा आणि नाक मात्र शाबूत. स्कॉटच्या साठ्यातले नहपानाचे चेहरे एकमेकांशी जुळत नाहीत, कुठे तरुण, कुठे गाल बसलेला म्हातारा. माझा म्हातारा होता.

या ठशाचा अर्थ मला पांडवलेण्यांच्या तिसऱ्या लेण्याने शिकवला होता. तिथे गौतमीपुत्राच्या आईचा, गौतमी बलश्रीचा लेख आहे. त्यात ती मुलाला ‘खखरातवसनिरवसेसकर’ म्हणते, क्षहरातांचा, म्हणजे नहपानाच्या घराण्याचा, वंश निःशेष करणारा. त्याच लेण्यात गौतमीपुत्राचा स्वतःचा अठराव्या वर्षीचा हुकूम आहे: आजवर उषवदाताकडे असलेलं दोनशे निवर्तनांचं (निवर्तन हे जमिनीचं जुनं माप) शेत आता भिक्षूंना दिलं आहे. शेत तेच राहिलं, कागद बदलला. नाण्याचंही तसंच. चांदी वितळवत बसायला वेळ नसेल, किंवा लोकांना नवा राजा ताबडतोब कळायला हवा असेल, म्हणून जुन्या राजाच्या तोंडावरच नवा ठसा. कॅशियर म्हणून नोटा बदलण्याचे दिवस मी काउंटरच्या आतून पाहिलेत, त्यामुळे त्या ठशामागची घाई मला फार जवळची वाटते.

दुसऱ्या दिवशीचा लिलाव. सभागृहात पन्नासेक माणसं, बाकी बोली फोनवर, इंटरनेटवर आणि आधी लिहून दिलेल्या. लिलाव पुकारणारे गृहस्थ मराठी, हिंदी, इंग्रजी तिन्ही बोलत होते. तासाला शंभरच्या आसपास लॉट जातात, म्हणजे एका नाण्याला अर्ध्या मिनिटाहून जेमतेम थोडा जास्त वेळ. मी माझी मर्यादा कागदावर लिहून ठेवली होती: ५,०००. २,५०० वर सुरुवात झाली. खोलीत आम्ही तिघं, वर इंटरनेटवरचा कुणीतरी. ४,००० ला खोलीतले दोघं थांबले. मग ४,२००, ४,४००, आणि इंटरनेटवरच्याचं उत्तर यायला दरवेळी पाचसहा सेकंद. ते सेकंद फार लांब असतात. ४,६०० ला हातोडा माझ्यावर पडला. हात थरथरत होता, पॅडल (बोलीसाठी वर करायची नंबरची पाटी) मांडीवर उलटं ठेवलं.

बिलाचं मात्र आधीच नीट समजून घ्या. हातोड्याची किंमत ही तुमची किंमत नव्हे. वर लिलावगृहाचा १५ टक्के प्रीमियम, त्या सगळ्यावर कर. माझे ४,६०० चे ५,९२५ झाले. हे कॅटलॉगच्या शेवटच्या पानावर बारीक टाइपात दिलेलं असतं, मी वाचलेलं होतं, पण शेजारच्या तरुण मुलाने वाचलं नव्हतं आणि काउंटरवर त्याचा चेहरा उतरला. सभागृहाच्या दारावर मोठ्या अक्षरांत हा आकडा लावायला काय हरकत आहे?

त्याच दिवशी यादव रामचंद्राचं सोन्याचं पद्मटंक पुकारलं गेलं. मध्ये कमळ, भोवती वेगवेगळे ठसे मारून उमटवलेली ‘श्री राम’ अक्षरं आणि शंख, नाण्याला वाटीसारखा किंचित बाक. आदल्या दिवशी दोन मिनिटं हातात घेतलं होतं. तेराव्या शतकातलं देवनागरी कुणी न शिकवता वाचता येतं, याचं सुख काय सांगू! बोली माझ्या पेन्शनच्या बाहेरची होती, मी फक्त पाहत राहिले.

आता दुसरा लॉट. ‘सातवाहन, पाच नाणी, शिसं व मिश्रधातू’, असा गठ्ठ्याचा लॉट. कॅटलॉगमध्ये एकाच बाजूचा फोटो. पाहणीच्या दिवशी ११८ मध्ये इतकी गुंतले की हा लॉट मी पाकिटातूनच पाहिला, भिंग लावलं नाही. १,८०० ला मिळाला. घरी आल्यावर दिव्याखाली पाचही मांडली तर हत्तीच्या दोन नाण्यांना एकाच जागी, एकाच लांबीची चीर. हत्तीच्या पाठीवरून सोंडेपर्यंत तिरपी गेलेली. त्या काळी नाणी साच्यातही ओतत, त्यामुळे नक्षी सारखी असणं समजू शकतं. पण चीर नंतर पडते, मातीत किंवा कुणाच्या हातून. ती दोन नाण्यांना हुबेहूब एकच असणार कशी? कडेला घासून बुजवलेली जोडाची रेघ होती, आणि पृष्ठभागावर टाचणीच्या टोकाएवढी हवेची छिद्रं. एका खऱ्या नाण्यावरून साचा घेऊन ओतलेली, किमान दोन तरी.

मी ईमेलने फोटो पाठवले. पहिलं उत्तर आलं की गठ्ठ्याचे लॉट आहे त्या स्थितीत विकले जातात. मी नियमाच्या पानावरची अस्सलपणाच्या हमीची ओळ लिहून परत पाठवली. त्यानंतर नऊ दिवस शांतता. मग फोन आला, बोलणाऱ्या बाई सौजन्याने बोलल्या, माल परत मागवला आणि प्रीमियमसह सगळे पैसे दिले. एकूण ४१ दिवस लागले. पैसे आले म्हणून मी समाधानी आहे, पण ती पाच नाणी पुढच्या कुठल्या लिलावात नव्या नंबराने दिसली नाहीत म्हणजे मिळवलं. त्यांचं काय केलं असं विचारलं, त्यावर उत्तर मिळालं नाही.

माझी खरी नाराजी याहून मोठी आहे. ११८ च्या कॅटलॉगमध्ये वजन दशांशाच्या दोन स्थळांपर्यंत आहे, प्रत आहे, दुर्मीळतेचा शेरा आहे. नाणं आलं कुठून, हे नाही. काउंटरवर विचारलं तर ‘जुन्या संग्रहातून’ एवढंच. कुठला संग्रह, कोणत्या जिल्ह्यातला, किती सालापासून? नहपानाची नाणी एकट्या जोगलटेंभीलाच सापडली असं नाही. माझं नाणं जोगलटेंभीचं आहे की गुजरातच्या कुठल्या शेतातलं, की मागच्या पाच वर्षांत धातुशोधक यंत्राने कुणी उकरून काढलेलं, हे कुणीच सांगत नाही. १८७८ च्या कायद्याने जमिनीत सापडलेलं दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं धन जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. तो कायदा पाळला जातो का, हे लिलावाच्या टेबलावरच कळू शकतं, कारण तिथूनच पैसा मागे जातो. साठा एकत्र राहिला म्हणून स्कॉटना किती नाण्यांवर ठसा आहे ते मोजता आलं, आणि त्या मोजणीमुळे नहपान आणि गौतमीपुत्र समकालीन होते हे पक्कं झालं. तीच नाणी सराफांकडे मूठमूठ गेली असती तर आपल्याकडे चांदी उरली असती, इतिहास नाही. मला संग्रह करायचाय, पण कुणाची तरी जमीन पोखरून नको. कॅटलॉगमध्ये ‘आगम’ (नाणं आलं कुठून) असा एक रकाना असावा आणि माहिती नसेल तर ‘माहिती नाही’ असं छापावं, एवढीच मागणी मी त्यांना लेखी दिली आहे.

नाणं सांभाळण्याबद्दल दोन गोष्टी. ते मऊ प्लास्टिकच्या पाकिटात देतात, त्यात ठेवू नका. त्या प्लास्टिकमधून कालांतराने आम्लयुक्त द्रव सुटतो, तांब्याच्या नाण्याला तर हिरवा चिकट थर येतो. मी आम्लरहित कागदाच्या पाकिटात ठेवलं आहे. आणि चिंच, लिंबू, टूथपेस्ट, काहीही लावून चकचकीत करू नका. सराफ बाजारातल्या एका ओळखीच्यांनी प्रेमाने ‘उजळून देतो’ म्हटलं, मी नाणं मुठीत घट्ट धरून बाहेर आले.

न्यू जर्सीतल्या भाच्याने हे वाचून एक नाणं मागवलं आहे. त्याला सांगावं लागलं, शंभर वर्षांवरची नाणी देशाबाहेर नेता येत नाहीत, १९७२ चा कायदा आहे. तो दिवाळीला येईल तेव्हा इथेच पाहील.

पाचपैकी गुण: पाहणीला पाच, लिलावाच्या शिस्तीला चार, गठ्ठ्याच्या वर्णनाला दोन, तक्रार निवारणाला तीन, आगमाच्या माहितीला शून्य. पुन्हा जाईन का? जाईन, पण गठ्ठ्याचा लॉट भिंगाशिवाय घेणार नाही.

पुढच्या लिलावाचा कॅटलॉग परवाच आला. त्यात गौतमीपुत्राचा मुलगा वासिष्ठीपुत्र पुळुमावी याचं चेहऱ्याचं चांदीचं नाणं आहे. मी कडेचा फोटो मागवला आणि आगम विचारला. काल उत्तर आलं: कडेचे चार फोटो, स्वच्छ आणि मोठे. दुसऱ्या प्रश्नाखाली काहीच लिहिलेलं नाही. मी तो प्रश्न आज पुन्हा पाठवला आहे, पाहणी शुक्रवारी आहे.