सिम्स, स्टारड्यू की ॲनिमल क्रॉसिंग? कामावरून उशिरा घरी येणाऱ्यांसाठी

माझी मावसबहीण कोपरखैरण्याला राहते आणि नोकरीला ऐरोलीत आहे. मागच्या महिन्यात तिने व्हिडिओ गेमबद्दल विचारलं, "ताई, सिम्स सुरू करू, स्टारड्यू घेऊ, का ॲनिमल क्रॉसिंगचा पुढचा भाग येईपर्यंत थांबू?" तिला फोनवर जे सांगितलं, तेच इथे जरा सविस्तर लिहिते, कारण हा प्रश्न पडलेली ती एकटी नाही.

वरवर पाहिलं तर तिन्ही गेम सारखेच वाटतात. घर, शेजारीपाजारी, झाडंझुडपं, रोजची कामं. खरा फरक घड्याळात आहे. आणि ज्याचा दिवस लोकलच्या वेळेवर चालतो, त्याने गेम निवडताना आधी तेच बघावं.

स्टारड्यू व्हॅलीत सकाळी ६ ला दिवस उजाडतो आणि रात्री २ ला संपतो. आपल्या घड्याळाने ही जेमतेम १४ मिनिटं. मी ठाण्याहून वाशीला जाते; बसायला जागा मिळाली तर तेवढ्यात फोनवर शेतातले दोन दिवस होतात. मध्येच कोणी बोलायला लागलं तर मेनू उघडायचा, घड्याळ थांबतं. सुरुवातीला हातात ५०० नाणी आणि पार्सनिपचं १५ बियाणं मिळतं. पार्सनिप म्हणजे पांढऱ्या गाजरासारखा कंद, चार दिवसांत तयार होतो. रोज उठायचं, झारी घ्यायची, एकेका चौकोनाला पाणी घालायचं. पहिल्यांदा ते कंद उपटले तेव्हा गाडी घणसोलीला उभी होती, आणि मला खरंच कोणाला तरी दाखवावंसं वाटलं होतं.

पावसाच्या दिवशी पाणी घालावं लागत नाही, तो दिवस आपला. खाणीत उतरा, मासे धरा, नाहीतर गावात कोणाच्या तरी घरी जाऊन या. कथेची सुरुवातही आपल्या लोकांना लगेच भिडेल अशी आहे: मोठ्या कंपनीत टेबलाशी बसून कंटाळलेला माणूस आजोबांचं जुनं पत्र उघडतो आणि त्यांच्या पडीक शेतावर राहायला जातो. ठाण्यात किती घरांत कोकणातली आजोबांची जागा अशीच वाट बघत पडली आहे! एरिक बॅरोन या एकट्या माणसाने साडेचार वर्षं खपून हा गेम केला, २०१६ मध्ये आणला, आणि नंतरच्या भरींचे वेगळे पैसे कधी घेतले नाहीत. एक खोट आहे. रात्री २ पर्यंत घरी पोचला नाहीत तर पात्र बेशुद्ध पडतं आणि काही नाणी जातात. त्यामुळे पहिला आठवडाभर जिवाची धावपळ होते. ती पुढे कमी होते.

सिम्स ४ मध्ये वेळ तुमच्या ताब्यात. थांबवा, पळवा, पुन्हा थांबवा. माणसांना भूक, झोप, अंघोळ, गप्पा हे सगळं वेळेवर द्यावं लागतं, पण माझा जीव रमतो तो घर बांधण्यात. सिम्सचे जनक विल राइट यांचं ओकलंडमधलं घर १९९१ च्या वणव्यात जळलं होतं. संसार परत उभा करताना कुठली वस्तू आपल्याला का लागते, हा विचार त्यांच्या मनात घोळला आणि त्यातून २००० साली पहिला सिम्स आला. मी त्यात आजीचं वाशीचं सिडकोचं घर बांधत होते: खिडकीखाली ओटा, चिंचोळा पॅसेज, हॉलमध्ये पलंग. आई चहा घेऊन आली, मागे उभी राहून बघत राहिली आणि म्हणाली, "फ्रिज दाराच्या मागे होता गं." मी तो तिथे हलवला. ते घर विकून बरीच वर्षं झाली.

मूळ गेम ऑक्टोबर २०२२ पासून मोफत आहे. पाळीव प्राणी, ऋतू वगैरे मात्र वेगवेगळ्या पॅकमध्ये, आणि हे पॅक घेत गेलात तर खर्च बघता बघता वाढतो. मुंबईच्या कपड्यांवरून केलेला 'फॅशन स्ट्रीट' हा छोटा संचही २०२१ मध्ये आला होता.

ॲनिमल क्रॉसिंग आपल्या खऱ्या घड्याळावर चालतं. बाहेर रात्र तर गेममधल्या आपल्या बेटावरही रात्र. त्याचे निर्माते कात्सुया एगुची चिबाचं घर सोडून नोकरीसाठी क्योतोला आले, तेव्हा जाणवलेलं एकटेपण या गेमच्या मुळाशी आहे. ते मला फार मनापासून पटतं. शेजारी खरोखर गोड आहेत. बरेच दिवस गेला नाहीत तर विचारपूस करतात. पण बेटावरचं दुकान एरवी रात्री १० ला बंद होतं. माझ्या बहिणीसारख्या सेकंड शिफ्ट करून साडेदहाला घरी येणाऱ्या मुलीला कामावरून आल्यावर ते दुकान बहुतेक बंदच मिळणार. शिवाय हा गेम निन्टेंडो या जपानी कंपनीच्या यंत्रावरच चालतो, त्या यंत्राची भारतात अधिकृत विक्री नाही, आणि एका यंत्रावर एकच बेट मिळतं. घरात आई, मुलं असे तीन-चार जण आळीपाळीने खेळणार असतील तर मात्र याच्याइतकं सुंदर काही नाही, कारण सकाळी मुलाने लावलेलं फूल तुम्हाला रात्री दिसतं.

आता थांबण्याबद्दल. ॲनिमल क्रॉसिंगचा न्यू लीफ हा भाग जपानमध्ये २०१२ च्या नोव्हेंबरात आला आणि त्यानंतरचा न्यू होरायझन्स २०२० च्या मार्चमध्ये, म्हणजे मध्ये सात वर्षांहून जास्त गेली. सिम्स ४ ची जागा घेणारा भाग आणत नाही, असं सिम्स काढणाऱ्या ईए कंपनीने २०२४ मध्येच सांगितलं. बॅरोन यांनी २०२१ मध्ये जाहीर केलेला हॉन्टेड चॉकलेटियर हा वेगळाच गेम आहे, स्टारड्यूचा दुसरा भाग नव्हे. सिम्सला टक्कर देईल म्हणून ज्याची लोक वाट बघत होते, तो लाइफ बाय यू जून २०२४ मध्ये रद्दच झाला. मार्च २०२५ मध्ये आलेला कोरियन इनझॉय दिसायला देखणा आहे, पण त्याला किमान आरटीएक्स २०६० ग्राफिक्स कार्ड लागतं. ऑफिसच्या लॅपटॉपवर तो चालणार नाही.

नव्या भागाची ओढ मलाही आहे. पण सिम्स ३ मधलं घर सिम्स ४ मध्ये नेता आलं नव्हतं. पुढचा भाग कधीही आला तरी सुरुवात रिकाम्या जमिनीपासूनच होणार, मग आजचा वेळ वाट बघण्यात का घालवायचा?

म्हणून बहिणीला सांगितलं: फोनवर स्टारड्यू घे आणि सुट्टीच्या दिवशी लॅपटॉपवर मोफतचा सिम्स उतरवून बघ, पॅक सध्या एकही घेऊ नको. ॲनिमल क्रॉसिंग तिची शिफ्ट बदलेल तेव्हा. तिचं शेत आता पहिल्या उन्हाळ्यात आहे.